रेडिएटरमध्ये हळद

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. श्रीरामपूरजवळच्या एका हायस्कुलात मी तीस वर्षं गणित शिकवतेय. व्हरांड्यात माझ्या चपलांचा आवाज आला की वर्ग गप्प होतो, आणि पोरांनी मला काय नाव ठेवलंय तेही मला ठाऊक आहे, पण ते इथं लिहिणार नाही. ह्यांचं, म्हणजे आमच्या यजमानांचं, अगदी उलटं. आमच्या घरात भांडण होतं तेव्हा ते मी एकटीच करते.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस. डॉक्टर नगरचे, म्हणून मशीनही नगरचं. गाडी ह्यांची, जुनी, बिनएसीची. पूर्वी हे चालवायचे आणि मी शेजारी बसून सूचना द्यायचे. आता मी चालवते आणि हे शेजारी बसून काही म्हणत नाहीत. पन्नाशी उलटल्यावर हट्टाने गाडी शिकले मी. पण बॉनेटखाली काय काय असतं ते बघायच्या फंदात कधी पडले नाही. पेट्रोल भरायचं, काचा पुसायच्या, दसऱ्याला हार घालायचा, संपलं.

ज्यांच्या घरात डायलिसिसचं माणूस नाही, त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. लघवी होत नाही, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच साठत जातं. आधी पाय सुजतात, मग धाप लागते, मग आडवं झालं की जीव गुदमरतो. म्हणून पाणी मोजून प्यायचं. ह्यांना दिवसाला पाऊण लिटर, तेही चहा-आमटी धरून. सकाळी मी स्टीलच्या लहान बाटलीत ते भरून देते आणि हे ती दिवसभर पुरवतात. भर मे महिन्यातसुद्धा घोट घेतला की झाकण लावून ठेवतात, पुन्हा मागत नाहीत. मी असते तर पहिल्या दिवशीच बाटली फेकून दिली असती.

ही गोष्ट अशाच एका मे महिन्यातली. आदल्या खेपेला सेंटरमधलं पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं आणि सगळ्याच पेशंटना परत पाठवलं. म्हणजे ह्यांचा मध्ये पूर्ण आठवडा गेला. पायात चप्पल जाईना. शेवटच्या रात्री हे पाठीला तीन उश्या लावून बसूनच राहिले. सिस्टरनं फोनवर बजावलं होतं, "मॅडम, उद्या नऊला म्हणजे नऊला या. ह्यांचं आणखी लांबवणं बरं नाही." बरं नाही म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सकाळी गाडी काढताना अंगणात हिरवट ओल दिसली. मला वाटलं, कामाच्या बाईंनी रांगोळीचा रंग धुतला आणि पाणी तसंच सोडलं. जाता जाता त्यांना दोन शब्द ऐकवले. बिचाऱ्या "नाही हो बाई" म्हणत राहिल्या. नंतर मी त्यांची माफी मागितली, तेव्हा त्या घाबरल्याच.

राहुरी मागे पडली तेव्हा आठ वाजायला आले होते. त्या रस्त्याचे खड्डे मला पाठ झालेत, कुठं उजवीकडे घ्यायचं, कुठं देवाचं नाव घ्यायचं. विळद घाट अजून पुढे होता. एवढ्यात हे म्हणाले, "अगं, तो काटा बघ." बघते तर तापमानाचा काटा पार लाल रेघेला टेकलेला. लगेच बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. रस्त्याच्या कडेला कांदे साठवायची चाळ होती, तिला लागून घर. तिथंच समोर गाडी लावली. पाच-सहा बायका सावलीत कांदे निवडत बसलेल्या. मी उतरून बॉनेट उघडलं, तर आत नुसता धूर आणि चरचर. काय बघायचं तेच कळेना.

मी तिथंच सुरू झाले. गॅरेजवाल्याला शिव्या घातल्या, रस्त्याला घातल्या, गाडीच्या कंपनीला घातल्या. हे हळूहळू दार उघडून उतरले, दाराला धरून उभे राहिले आणि आपली बाटली माझ्यापुढे धरली.

"घाल त्यात," हे म्हणाले.

दिवसभराचं पाणी होतं ते. एक घोटसुद्धा कमी झालेला नव्हता. "आणि तुम्ही?" मी खेकसले. "मला तसंही नकोच आहे," हे म्हणाले. खोटं बोलता येत नाही ह्यांना, कधीच आलं नाही. मी बाटली घेतली, पदर हाताला गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"ओ बाई! हात काढा! झाकन उघडू नका!"

चाळीतून एक बाई पळत आली. चाळिशीची असेल. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तिनं माझं मनगट धरून मला चक्क मागं ओढलं. इतक्या वर्षांत मला असं कुणी ओढलं नव्हतं.

"उघडलं आसतं तर उकळतं पानी त्वांडावर आलं आसतं," ती म्हणाली. "आर्धा तास हात लावायचा न्हाई."

"अर्धा तास नाहीये आमच्याकडे!"

"मंग तसं इंजनाला सांगा," ती म्हणाली, आणि मागच्या बायका फसकन हसल्या.

ती स्वतः ट्रॅक्टर चालवायची, हे मला मागाहून कळलं. तिनं ह्यांच्याकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. ह्यांना हाताला धरून चाळीच्या सावलीतल्या बाजेवर बसवलं, आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन आली. "आधी पानी घ्या, दादा."

"पाणी देऊ नका त्यांना!" मी ओरडले.

तिचा हात तिथंच थांबला. दारात आलेल्या माणसापुढं तिनं पाणी धरलं होतं आणि त्याच्या बायकोनं ते असं तोडून टाकलं. बायका कांदे निवडायच्या थांबल्या. त्या बाईच्या तोंडावर जे आलं ते मला वाचता येत होतं, आमच्या हातचं चालत न्हाई व्हय? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेच म्हणाले, "ताई, तुमच्या पाण्याला नाही म्हणत नाही ती. माझ्या किडन्या गेल्यात, पाणी मोजून प्यायचंय. नगरला मशीनवर निघालोय. चूळ भरायला द्या, तेवढी चालते."

"आगं आई," ती म्हणाली. बस, एवढंच. डोक्याचा टॉवेल सोडला, तांब्यातल्या पाण्यात भिजवला आणि ह्यांच्या मानेवर ठेवला. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

मी अँब्युलन्सला फोन लावला. यायला दोन तास लागतील म्हणाले. त्या बाईचा टेम्पो पहाटेच कांदा घेऊन नगरला गेलेला. एसटी थांबलीही असती, पण ह्यांना पायरी चढवत नव्हती. मग सेंटरला फोन लावला. सिस्टर म्हणाली, "साडेनऊपर्यंत कशीतरी थांबते, मॅडम. पुढे मशीन रिकामं नाही ठेवता येत. दुपारच्या पेशंटला आत्ताच बोलवावं लागेल. गेल्या खेपेला सगळ्यांचंच चुकलंय, सगळेच सुजलेत. दुपारी त्यांच्या जागी आणखी एक पेशंट वाट बघतोय, मग तुमचा नंबर उद्या." मी फोन ठेवला, चाळीच्या मागं गेले आणि रडले. ह्यांना उद्या दिसेल का, हा प्रश्न मला पहिल्यांदा उघडपणे पडला. गणिताच्या बाईला एवढा हिशोब कळतो.

परत आले तर ती बाई गाडीच्या पुढच्या जाळीसमोर उकिडवी बसून आत डोकावत होती. "बाई, ही बाहुली कुनी बांधली?"

बाहुलीचंही सांगते. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की हे पुढच्या जाळीला दृष्ट लागू नये म्हणून काळी बाहुली बांधायचे, दोऱ्याने. मी त्यांना हसायचे. कसली दृष्ट लागतेय त्या डबड्याला! दोरा चार महिन्यांत तुटायचा आणि बाहुली कुठंतरी पडायची. ह्यांना बरं नाही म्हटल्यावर मागच्या दसऱ्याला मीच बांधायला बसले. विश्वास नाही म्हणायचं आणि बांधायची मात्र पक्की, असा माझा स्वभाव. घराच्या कामातून उरलेली सळया बांधायची तार होती, ती घेतली, पकडीने चांगले चार पीळ दिले. टोकं बाहेर राहिली तर कुणाच्या साडीला अडकतील, म्हणून नीट आत वळवली. आमच्या गाडीत जाळीमागे चार बोटांवर सरळ रेडिएटरच आहे, हे मला कुठं माहीत? सात महिने गाडी खड्ड्यांतून उडत होती आणि ते टोक रेडिएटरवर घासत होतं. घासून घासून भोक पाडलं त्यानं. अंगणातलं हिरवं पाणी रांगोळीचं नव्हतं, इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं कूलंट होतं.

"मीच बांधली," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या तशीच. तार भोकात हाय तवर बूच बसल्यागत हाय. गार झालं की बघू."

ती साबण आणायला घरात वळली. आणि मी काय केलं? स्वतःचाच इतका संताप आला होता की ती बाहुली धरली आणि तारेसकट हिसडा मारून उपटली. तोवर थेंब थेंब गळत होतं, ते आता धार लागून वाहायला लागलं. गरम पाणी माझ्या पायावर आलं.

ती दारातून बघत होती. "तुमी मास्तरीण ना?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "सांगितल्यालं ऐकायचं न्हाई, आसंच शिकवता व्हय पोरांना?"

बायका खो खो हसल्या. बाजेवरून हेसुद्धा हसले, आणि त्या हसण्याची त्यांना धाप लागली. एरवी मी काय उत्तर दिलं असतं देव जाणे. त्या दिवशी म्हणाले, "चुकलं माझं. आता सांगाल तसं करते."

मग तिनं सांगितलं आणि मी केलं. कपड्याच्या साबणाची वडी कोरडीच मळून मऊ केली. सगळं पाणी गळून इंजिन गार होईपर्यंत थांबलो. ती वीस-पंचवीस मिनिटं मला आजही आठवतात. गार झाल्यावर तिनं साबणाचा गोळा भोकावर अंगठ्याने दाबून बसवला, वरून चिंधीची घडी रेटली. मग घरातून वाटीभर हळद घेऊन आली, घरच्या शेतातली, रंगानं भडक.

"हळद?" मी म्हणाले.

"बोट कापलं तर काय लावता तुमी?"

"अहो, पण ते बोट असतं."

"आमच्या टॅक्टरला दोनदा घातली. पान्यासंगं फिरती आन् भोकात जाऊन बसती. लई येळ न्हाई टिकत, पर नगर गाठून देती." तिनं हळद पाण्यात कालवली, रेडिएटरमध्ये ओतली, वरून हळूहळू पाणी भरलं. मग गाडी सुरू करून तशीच उभी ठेवली. खालची गळती थांबली नाही, पण धारेचे थेंब झाले. झाकण तिनं घट्ट न लावता अर्धंच फिरवून ठेवलं. आत दाब धरला तर साबण उडून जाईल म्हणाली. "सावकाश जायाचं. काटा चढला की थांबायचं."

निघालो तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. म्हणजे नंबर गेलेलाच. हे म्हणाले, "जाऊ तर खरं." आरशात बघते तर ती बाई स्कूटीवर आमच्या मागं, पायाशी पाण्याचा मोठा कॅन ठेवून. काम टाकून, कांदे टाकून. मी थांबून म्हणाले, "अहो, तुम्ही कशाला?" तर म्हणाली, "घाटात पानी कुठून आननार? चला, चला."

विळद घाटाच्या चढात काटा दोनदा लालकडे गेला. दोन्ही वेळा वाफ दिसताच तिनं हॉर्न वाजवून आम्हाला कडेला घेतलं. झाकणाजवळून वाफ जाऊ दिली, थांबायला लावलं, मग पाणी घातलं. वर आल्यावर तिनं उरलेला कॅन माझ्या मागच्या सीटवर ठेवला. मी हात जोडले. "हात नका जोडू, गाडीत बसा," ती म्हणाली आणि स्कूटी वळवून गेलीसुद्धा. कॅन परत द्यायला पुढच्या आठवड्यात गेलो, तेव्हा ती लांब वावरात ट्रॅक्टरवर होती. तिथूनच तिनं हात हलवला. तिचं नाव मी त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही नाही. आता रस्त्याने जाताना चाळ आली की मी हॉर्न वाजवते. बायका ओरडतात, "हळदीची गाडी आली!"

नागापूरला कारखान्यांच्या गाड्यांची गर्दी होती. गॅरेजचे बोर्ड दोन्ही बाजूंना दिसत होते, पण थांबायचा प्रश्न नव्हता. ह्यांचं बोलणं बंद झालं होतं. खिडकीला टेकून तोंडाने श्वास घेत होते. मी एकटीच बडबडत होते, आलंच, हे बघा, आलंच. त्याच नागापूरच्या एका रेडिएटरवाल्यानं दुसऱ्या दिवशी आतून पिवळा गाळ खरवडून काढला आणि मला बोलवून दाखवला. "मॅडम, ह्याच्यावर घाट चढलात?" असं त्यानं दोनदा विचारलं.

सेंटरला पोचलो तेव्हा साडेदहा होत आले होते. मी व्हीलचेअर ढकलत आत शिरले ती भांडायच्या तयारीनंच. पाया पडेन, आरडाओरडा करेन, दारात बसेन, पण ह्यांना आज मशीनवर घ्यायला लावेन. आणि बघते तर कोपऱ्यातलं ह्यांचं मशीन रिकामं. पलंगावर स्वच्छ चादर.

"या, या, लवकर या," सिस्टर म्हणाली. वजन झालं. सहा किलो पाणी जास्त. सुया लागल्या, मशीन सुरू झालं, नळीतून ह्यांचं रक्त फिरायला लागलं. मग मी पलंगाच्या कडेला टेकले.

"दुपारच्या पेशंटना बोलावलं नाहीत?" मी विचारलं.

"बोलावलं होतं," सिस्टर म्हणाली. "बाहेर बसलेत ते."

ते काका नगरजवळच्या भिंगारचे. सत्तरीचे. लष्करी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. सिस्टरच्या फोनवर लगेच रिक्षा करून आले. वजनकाट्यावर उभे राहिले तेव्हा विचारलं, ही जागा कुणाची? सिस्टरनं सांगितलं, श्रीरामपूरचे आहेत, गाडी बिघडलीय, नाही पोचले वेळेत. तशी काका वजनकाट्यावरून खाली उतरले. "निघालेत ना? मग येतील," म्हणाले. "मी इथलाच आहे. त्यांना बसवा आधी." सिस्टर त्यांच्याशी वाद घालून दमली. गेल्या खेपेला त्यांचंही डायलिसिस चुकलं होतं. त्यांच्याही अंगात आठवड्याचं पाणी होतं. "मला अजून बसता येतंय, बोलता येतंय," एवढंच ते म्हणत राहिले, आणि बाकावर जाऊन बसले.

मी बाहेर आले. बाकावर पिशवी मांडीवर घेऊन एक उंच माणूस बसला होता. सँडलचे पट्टे सोडलेले, पाय पट्ट्यांतून फुगून वर आलेले. तसेच पाय मी आठवडाभर घरी बघत होते.  मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"लागलं का मशीन?" त्यांनी विचारलं.

"लागलं, काका."

"झालं तर मग. जा, आत त्यांच्याजवळ बसा. माझा पेपर वाचायचा राहिलाय अजून."

पेपर घडी करून त्यांच्या शेजारी पडला होता. शब्दकोडंसुद्धा भरून झालेलं.

चार तासांनी हे उतरले. गाल खाली आले होते, श्वास शांत होता. मशीनवर झोपलेसुद्धा, आदल्या रात्रीपासून पहिल्यांदा आडवे होऊन. काकांना घेतलं तेव्हा तीन वाजले होते, आणि आत जाताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. त्यांच्यासोबत कुणी नव्हतं. ह्यांनी मला बाजूला बोलावलं. "आपण थांबायचं," हे म्हणाले. ह्यांनी मला हुकूम दिला असा हा एकच. मी म्हणाले, "मग काय निघायचं होतं का मला?"

सात वाजता काकांचं संपलं. बाहेर अजून उजेड होता. सुया काढल्या की तिथं कापूस धरून दहा मिनिटं अंगठ्याने दाबून ठेवावं लागतं, नाहीतर रक्त थांबत नाही. हे काम घरचं माणूस करतं. सिस्टरनं एक सुई काढून पट्टी बांधली होती, दुसरी काढली आणि तेवढ्यात पलीकडच्या पेशंटचा रक्तदाब उतरला, तिला तिकडे धावावं लागलं. मी पुढे झाले आणि काकांच्या हातावर अंगठा ठेवला.

"फार जोरात नको, ताई, शीर बंद पडते," ते म्हणाले. "आणि सैलही नको."

मी त्यांनी सांगितलं तेवढंच दाबलं. अंगठ्याखाली त्यांचं रक्त सरसर धावत होतं. ह्यांच्या हाताला लागतं तसंच. हे शेजारी खुर्चीवर बसले होते, अंगात जीव आलेले. दोघं जण मोठ्या आवाजात भिंगारच्या आणि श्रीरामपूरच्या बाजारातले आंब्याचे भाव काढत होते. दोघांनाही आंबा खायची परवानगी नव्हती.

"ताई," काका थोड्या वेळानं म्हणाले, "पंधरा मिनिटं झाली. आता सोडलं तरी चालेल."

मला सोडवेना.